‘मिसिंग’ मारणारी जुनी गाडी आणि तपासणीचे सहाशे रुपये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रस्तंभात गेल्या पंधरवड्यात एका वाचकांनी लिहिले होते की, त्यांची वीस वर्षांची गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरते आणि त्याला इथेनॉलमिश्रित पेट्रोलच जबाबदार आहे. त्यांची गाडी न पाहता मी तिच्याविषयी काही बोलणे योग्य नाही. मात्र गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीचेही अगदी हेच झाले होते, मलाही पहिला संशय इथेनॉलचाच आला होता आणि खरे कारण हाती लागेपर्यंत माझे साडेअकरा हजार रुपये खर्च झाले होते. ते कोणी लुबाडले असे मला म्हणायचे नाही. ते कसे गेले, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी गाडी २००० सालची सॅन स्टॉर्म आहे. तरुण वाचकांच्या कानावर हे नाव कदाचित आले नसेल. गोव्यात तयार झालेली, दोन आसनांची, उघड्या टपाची आणि फायबरच्या अंगाची ही लहानशी स्पोर्ट्स कार असून तिच्यात रेनॉचे ११४९ सीसीचे, चार सिलिंडरचे, ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे. आजच्या साध्या हॅचबॅकपुढेही हे आकडे किरकोळ वाटतील, पण अंगाने हलकी असल्यामुळे ठाण्याजवळच्या गायमुखच्या चढावर ती आजही समोरच्या ट्रकला सहज मागे टाकते. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर, म्हणजे २०१५ मध्ये तिची पुनर्नोंदणी झाली आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी मी तो सोपस्कार न चुकता करतो. घरच्यांच्या मते हा शुद्ध हट्ट आहे, आणि ते मला मान्य आहे.

दुखणे सुरू झाले ते तीन हात नाक्याच्या सिग्नलवर. एक्सिलरेटरवरचा पाय काढल्यावर इंजिन ज्या मंद गतीने चालत राहते, ज्याला आपण सरसकट आयडलिंग म्हणतो, ती गती माझ्या गाडीत मिनिटाला साधारण ८०० फेऱ्यांची असे. त्या दिवशी काटा ६०० आणि १००० यांच्या मध्ये झोके घेऊ लागला. आरशात मागच्या रिक्षाच्या दोन दोन प्रतिमा दिसत होत्या, स्टिअरिंगवर ठेवलेल्या बोटांना मुंग्या येत होत्या आणि कच्च्या पेट्रोलचा वास टप उघडा असूनही नाकात भरला होता. थोडी रेस दिली की सारे शांत आणि पाय काढला की पुन्हा तेच. मेकॅनिकांच्या भाषेत सांगायचे तर गाडी ‘मिसिंग’ मारत होती, म्हणजे सिलिंडरमधले जळण मध्येच चुकत होते.

घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये मी ती नेली. तेथील मुलगा हातात गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर आणि तोंडात बॅटरी धरून पंधरा मिनिटे डॅशबोर्डखाली उताणा पडून सॉकेट शोधत होता. आपल्याकडे गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवून ठेवण्याची, म्हणजे ओबीडीची सक्ती २०१० मध्ये भारत स्टेज ४ या प्रदूषण-मानकाबरोबर सुरू झाली. २००० सालच्या गाडीत त्याला हवे असलेले सॉकेट असणार कोठून? स्कॅनर लागत नाही हे कळल्यावर मग अंदाजाने काम सुरू झाले. प्रथम ठिणगी पाडणारे चार प्लग बदलले. पुढच्या आठवड्यात प्लगला वीज पुरवणाऱ्या हाय टेन्शन वायरी आणि कॉइल बदलली, त्याच्या पुढच्या आठवड्यात पेट्रोलचा फवारा सोडणारे इंजेक्टर काढून धुतले, हवेच्या झडपेची, म्हणजे थ्रॉटल बॉडीतील काजळी साफ केली. प्रत्येक वेळी गाडी दोन दिवस बरी चाले आणि तिसऱ्या दिवशी पूर्ववत होई. नवा प्लग काजळी धरेपर्यंत नव्यासारखाच वागतो, हे त्यामागचे कारण मला फार उशिरा उमगले. शेवटी, “व्हॉल्व्ह गेले असतील, हेड खोलावे लागेल,” असे सांगून इंजिनाचा वरचा भाग उघडण्याचा ४५ हजारांचा अंदाज माझ्या हातात ठेवण्यात आला.

येथे मी माझ्याविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात एकतीस वर्षे उपकरणांच्या देखभालीचे काम केले आहे. दाबमापकाचा काटा थरथरला म्हणून आम्ही कधी पंप बदलला नाही. आधी दुसरा मापक लावायचा आणि दोघांचे आकडे जुळतात का ते पाहायचे, हा तिथला पहिला धडा होता. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र मी डॉक्टरांपुढे बसलेल्या घाबरट रोग्यासारखा मान डोलावत राहिलो.

इथेनॉलवरचा संशय तेवढा मी स्वतः तपासून पाहिला, आणि पत्रलेखक वाचकांना उपयोगी पडावा म्हणून तो तपशील देतो. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५. जुन्या गाडीने पूर्वीच्याच मापाने इंधन सोडले तर मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. पातळ मिश्रणाची गाडी सकाळी थंड असताना जास्त रडते, आणि तिचे प्लग पांढुरके निघतात. माझ्या गाडीचे प्लग काजळीने काळेभोर, बोट लावले तर हात भरेल असे होते, म्हणजेच मिश्रण घट्ट, पेट्रोल जास्त असलेले होते. रोगाची दिशाच उलटी होती. टाकीच्या तळाशी पाणी साठले असेल म्हणून तळातले पेट्रोल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवले, पण थर वेगळे झाले नाहीत, म्हणजे पाणीही नव्हते.

याचा अर्थ इथेनॉल निर्दोष आहे असा कृपया कोणी घेऊ नये. वीस टक्के इथेनॉलला टिकतील असे रबर आणि प्लास्टिकचे भाग नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून येऊ लागले. त्याआधीच्या गाड्यांच्या इंधन नळ्या आणि वॉशर मालकांनी वर्षातून एकदा तरी हाताने दाबून पाहावेत. नळी फुगलेली किंवा चिकट लागली तर ती त्याच दिवशी बदलावी, कारण तिथून गळणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनवर पडते. शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते. तक्रारीला जागा आहेच. प्रत्येक थरथर त्या खात्यावर टाकली की खरे दुखणे मात्र तसेच राहते.

अखेर शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात गेलो. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला एक तरुण तिथे एकटाच काम करतो. त्याने पान्याला हात लावण्यापूर्वी इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळकांड्याला, आतली पोकळी (व्हॅक्यूम) मोजणारा एक व्हॅक्यूम गेज जोडला. हा घड्याळासारखा साधा मापक आहे, पण आयडलिंगच्या दुखण्यात त्याच्याइतके स्पष्ट बोलणारे दुसरे साधन मला ठाऊक नाही. ठाण्यासारख्या समुद्रसपाटीच्या गावात निरोगी इंजिनाचा काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. काटा स्थिर पण खाली असेल तर कोठून तरी हवा शिरते आहे किंवा ठिणगी उशिरा पडते आहे. ठरावीक अंतराने तो खाली टिचकी मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. काटा स्थिर आहे, इंजिनही एकसारखे चालते आहे आणि तरी गाडी थरथरते आहे, असे असेल तर इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरांवर ते बसवलेले असते ती रबरे दबून निकामी झाली आहेत. माझ्या गाडीचा काटा १८ वर होता. थोडा झुलत होता, पण टिचक्या मारत नव्हता. व्हॉल्व्ह गेल्याचा अंदाज तिथेच डळमळला.

त्यानंतर त्याने एकेका इंजेक्टरचे सॉकेट काढून फेऱ्या किती पडतात ते पाहिले. ठिणगीची वायर ओढून हीच परीक्षा घेण्याची जुनी रीत आहे, पण तीत हाताला झटका बसतो, कॉइलवर ताण येतो आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाते, म्हणून इंजेक्टर बंद करणे बरे. मेलेला सिलिंडर बंद केला तर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, हे या परीक्षेचे मर्म आहे. माझे चारही सिलिंडर एकेक करून बंद केल्यावर फेऱ्या जवळपास सारख्याच पडल्या. कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाबही, चारही ठिकाणी दर चौरस इंचाला १६५ ते १७२ पौंडांच्या दरम्यान आला. म्हणजे दोष कोणा एकाचा नव्हता, चौघांना मिळून बाधत होता. चौघांत सामाईक काय असते? हवा, इंधनाचे माप आणि वीज. अर्ध्या तासात प्लग, व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर असे तिन्ही संशयित निर्दोष सुटले होते आणि त्यांतल्या दोघांवर मी आधीच पैसे घालवून बसलो होतो.

आयडलिंगलाच दोष का दिसतो, हेही त्याने मला समजावले आणि ते वाचकांनीही ध्यानात घ्यावे असे आहे. पाय काढलेला असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन जेमतेम श्वास घेत असते. अशा वेळी मापातली लहानशी चूकही एकूण श्वासाच्या मानाने मोठी ठरते. रेस दिल्यावर हवेचा लोंढा येतो आणि तीच चूक त्यात बुडून जाते. “रेसला तर ठीक चालते, मग काही नाही,” असे जे गॅरेजमध्ये सांगतात, ते म्हणूनच ऐकून सोडून देण्यासारखे नसते.

माझ्या गाडीतील ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, मॅनिफोल्डमधला दाब मोजून त्यावरून इंधनाचे माप ठरवतो. हा दाब ज्या सेन्सरला कळतो त्याला मॅप सेन्सर म्हणतात आणि मॅनिफोल्डपासून त्याच्यापर्यंत एक बारीक रबरी नळी गेलेली असते. गाळ्यातल्या त्या मुलाने सेन्सरच्या तारेवर विजेचे माप घेणारा मल्टिमीटर लावला. व्हॅक्यूम १८ इंच असताना तिथे दीड व्होल्टच्या आसपास दिसायला हवे होते, प्रत्यक्षात सव्वादोन दिसत होते. एकाच मॅनिफोल्डला लावलेली दोन उपकरणे दोन वेगळी उत्तरे देत होती! माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत ज्या क्षणाची मी वाट पाहत असे, तो हा क्षण. दोन मापकांचे जमत नसेल तर दोष त्यांच्या मधल्या वाटेवर असतो. नळी वरून अगदी धडधाकट दिसत होती. सेन्सरच्या तोटीवर बसलेले तिचे टोक त्याने नखाने हळूच मागे सरकवले, तेव्हा आतल्या बाजूने गेलेली तांदळाच्या दाण्याएवढी चीर उघडी पडली. तिच्यातून बाहेरची हवा आत जाई, सेन्सरला वाटे की दाब जास्त आहे आणि चालकाने रेस दिली आहे, आणि ईसीयू भाबडेपणाने जास्त पेट्रोल सोडी. काळे प्लग, कच्चा वास, झुलता काटा यांचा उलगडा एकदम झाला. पंचवीस वर्षे इंजिनाच्या उष्णतेत काढलेल्या रबराने याहून काय वेगळे करावे?

ज्या गाड्यांत हवा मोजणारा मीटर थ्रॉटलच्या आधी बसवलेला असतो, त्यांत हाच प्रकार उलट दिसतो, हे जाता जाता नमूद करतो. तिथे मीटरला चुकवून आत शिरलेली हवा हिशेबात येत नाही आणि मिश्रण पातळ होते. त्यामुळे ‘हवा लीक आहे’ एवढे कळून भागत नाही, गाडी हवेचा हिशेब कसा ठेवते हेही विचारावे लागते.   

नळी बदलल्यावर मी धुराच्या तपासणीसाठी पीयूसी केंद्रावर गेलो. माझ्यासारख्या जुन्या गाडीची ही चाचणी आयडलिंगवरच होते, त्यामुळे तिचा छापील कागद हा खरे म्हणजे फुकटात मिळालेला वैद्यकीय अहवालच असतो, पण आपण त्यावरची फक्त मुदत वाचतो. भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालते, स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांना अनुक्रमे ०.५ टक्के आणि ७५०. महिन्यापूर्वी माझी गाडी ४.६ टक्क्यांवर नापास झाली होती, आता आकडा १.४ आला. पूर्वीचा तो कागद गॅरेजमध्ये कोणी मागितला असता तर मिश्रण घट्ट आहे हे पहिल्याच दिवशी कळले असते. मीही तो आपण होऊन दाखवला नव्हता.

तरीही गोष्ट इथे संपली नाही. थरथर तीन चतुर्थांश गेली होती, पण माजिवड्याच्या कोंडीत रेडिएटरचा पंखा सुरू झाला की ती थोड्या प्रमाणात परत येई आणि पंखा थांबला की जाई. ही बारीक खूण मी वहीत टिपून ठेवली आणि पुन्हा त्याच गाळ्यात गेलो. पंखा आणि हेडलाइट लावून मुलाने विजेचे माप घेतले. वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरपाशी १४.१ व्होल्ट निघत होते आणि बॅटरीपर्यंत १२.८ पोहोचत होते. मधले १.३ गेले कुठे? मीटरची एक तार इंजिनाच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावताच १.२ व्होल्ट दिसले. अर्थिंगच्या, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या, चांगल्या सांध्यावर शतांशांत मोजावे एवढेच दिसायला हवे. बॅटरी सतत अर्धपोटी, कॉइललाही वीज अपुरी, मग आयडलिंगच्या मंद गतीत पंख्याचा भार आला की इंजिन दबणारच.

अर्थिंगची पट्टी चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे बोल्टने आवळलेली होती, तो सांधा त्याने खोलला. पट्टीच्या टोकाच्या तांब्याच्या कडीखाली काळ्या रंगाचा गुळगुळीत थर होता आणि त्याखाली गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा. तो रंग मी स्वतः दिला होता. दोन वर्षांपूर्वी खाडीच्या खाऱ्या हवेने चासीला गंज धरू लागला म्हणून मोठ्या हौसेने एक रविवार घालवून मी ती रंगवली होती आणि मग पट्टी रंगावरच आवळून टाकली होती. पत्र्याच्या गाडीत अशी चूक बरीच खपून जाते, कारण विजेला परतायला चार आडवाटा सापडतात. फायबरच्या अंगातून वीज वाहत नाही, त्यामुळे तिथे प्रत्येक प्रवाहाला ठरवून दिलेल्या तारेनेच परतावे लागते. सांधा कानशीने चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, वरून पेट्रोलियम जेली लावली. मीटरवर आता ०.०६ दिसले आणि पंखा सुरू होऊनही काटा ८०० वरून हलला नाही.

आता पैशांविषयी, कारण पत्राचा खरा विषय तोच आहे. पहिल्या दिवशी मुलाने तपासणीचे सहाशे रुपये सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून गेले, “नुसते बघण्याचे सहाशे?” तो शांतपणे म्हणाला, “काका, सहाशेचा पार्ट टाकला असता तर तुम्ही विचारलं नसतंत.” मला उत्तर सुचले नाही. साडेअकरा हजारांची बिले मी एक अक्षर न बोलता चुकती केली होती, कारण प्रत्येक वेळी हातात काहीतरी खोके मिळत होते. ग्राहक निदानाचे पैसे द्यायला कुरकुरतो, म्हणून गॅरेज निदान फुकट केल्यासारखे दाखवते आणि त्याची भरपाई सुट्या भागांतून करते. यात मोठ्या गॅरेजइतकाच दोष माझ्यासारख्यांचा आहे, असे मला वाटू लागले आहे.

म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत ठाणे आणि नवी मुंबईतील गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की, तपासणीचा दर त्यांनी दर्शनी भागात लावावा, तो मोकळेपणाने घ्यावा आणि बिलावर व्हॅक्यूम, व्होल्टेज, कॉम्प्रेशन यांचे आकडे लिहून द्यावेत. एका वेळी एकच भाग बदलावा आणि काढलेला भाग ग्राहकाच्या हाती द्यावा. जुन्या गाड्यांच्या मालकांनीही गॅरेजमध्ये जाताना नुसते ‘मिसिंग आहे’ असे न सांगता दोष थंड इंजिनात येतो की गरम, पंखा वा दिवे लावल्यावर वाढतो का, वास येतो का, हे चार ओळींत लिहून न्यावे आणि सोबत पीयूसीचा शेवटचा कागद ठेवावा. इथेनॉलविषयी लिहिणाऱ्या वाचकांना माझी सूचना एवढीच की, त्यांनी प्रथम एक प्लग काढून त्याचा रंग पाहावा. तो पांढुरका निघाला तर त्यांचा संशय खरा असू शकतो आणि मग पेट्रोलच्या दिशेने पुढची तपासणी करता येईल.

माझ्या गाडीत अजून एक खोट शिल्लक आहे. सकाळी पहिले अर्धे मिनिट ती किंचित अडखळते. मला कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाच्या सेन्सरचा संशय आहे, पण त्याचा विजेला होणारा रोध थंडपणी आणि गरमपणी मोजून झाल्याशिवाय तो बदलायचा नाही, असे मी आणि त्या मुलाने ठरवले आहे. दिवाळीनंतरचा पहिला मोकळा शनिवार त्यासाठी राखून ठेवला असून त्याचे तपासणीचे पैसे मी आगाऊ दिले आहेत.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)